बॅलास्ट : खडी, चोक, पाणी की नुसतं वजन?

शब्दवेधी
तांत्रिक मजकूर मराठीत आणताना 'बॅलास्ट' हा शब्द हमखास अडवतो. तो जहाजाच्या तळात आहे, रुळांखाली आहे, ट्यूबलाइटच्या पट्टीत आहे आणि फुग्याच्या टोपलीतही आहे. कोशातला पहिला अर्थ उचलून सगळीकडे तोच बसवला की अर्थाचा अनर्थ होतो.
शब्दाचं मूळ उत्तर युरोपातल्या खलाशी बोलीत आहे. स्वीडिशमध्ये आजही 'बार्लास्ट' म्हणतात. 'बार' म्हणजे नुसतं आणि 'लास्ट' म्हणजे ओझं, अशी फोड बहुतेक जण मान्य करतात. भाडं मिळत नाही, विकायचंही नाही, तरी वाहून न्यायचं असं हे ओझं.
ज्यांच्या रोजच्या कामात हे येतं त्यांनी लिहावं. बॅलास्ट नेमकं काय काम करतं, किती लागतं, चुकलं तर काय होतं? तुम्ही स्वतः त्याला काय म्हणता तेही सांगा. शब्द त्यातूनच ठरवता येईल.

तांडेल
सुरुवात जहाजापासून करू, कारण शब्द तिथलाच आहे.
माल उतरवलेलं जहाज पाण्यावर उंच बसतं. प्रोपेलरची पाती अर्धी बाहेर येतात, नाळ लाटांवर आपटते, वारा उघड्या कुशीला ढकलत राहतो. म्हणून तळातल्या आणि कडेच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. पूर्वी दगड, वाळू, लोखंडाचे ठोकळे भरत. परतीचा माल मिळाला की दगड बंदरातच टाकून देत. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात नदीकाठचा रस्ता अशाच दगडांनी बांधलेला आहे.
किती पाणी घ्यायचं हे 'जीएम'वरून ठरतं. जीएम म्हणजे गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची. मेटासेंटर म्हणजे जहाज किंचित कललं की पाण्याच्या वर उचलणाऱ्या जोराची रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला छेदते तो बिंदू. ती कमी असेल तर जहाज कलल्यावर आळसावल्यासारखं सावकाश परत येतं, शून्याखाली गेली तर सरळ उभंच राहत नाही. पण जास्त असली म्हणजे चांगलं असंही नाही. डोलण्याचा काळ काढायला सोपा हिशेब आहे : ०.८ गुणिले रुंदी, भागिले जीएमचं वर्गमूळ. ३० मीटर रुंद जहाजाचा जीएम १ मीटर असेल तर एका डुलण्याला २४ सेकंद लागतात. तोच ४ मीटर केला तर १२ सेकंद. इतक्या झटक्याने डोललं की मालाचे साखळदंड तुटतात आणि डेकवर उभं राहवत नाही.
आता सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट, अर्धी भरलेली टाकी. जहाज कललं की टाकीतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्याच टाकीत मधोमध उभी लांब भिंत घातली की परिणाम चौथ्या हिश्शावर येतो, दोन भिंती घालून तीन कप्पे केले की नवव्या हिश्शावर. म्हणून नियम एकच : टाकी काठोकाठ भरा नाही तर पूर्ण रिकामी करा, आणि एका वेळी शक्य तितक्या कमी टाक्यांना हात लावा.

कोरा_कागद
@तांडेल, मग वजन तळाशी टाकलं की जहाज स्थिर, हे इतकं साधं नाही तर. बुडालेल्या वासा या स्वीडिश युद्धनौकेत दगड होतेच ना?

तांडेल
होते. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममध्ये वासा पहिल्याच सफरीत साधारण १३०० मीटर जाऊन बुडालं. तळात सुमारे १२० टन दगड होते. वरचा भाग आणि तोफा यांच्या मानाने ते अपुरे पडले. पण आणखी दगड भरले असते तर जहाज खोल बसलं असतं आणि खालच्या रांगेतल्या तोफांच्या खिडक्या पाण्याजवळ आल्या असत्या. शेवटी पाणी त्या खिडक्यांतूनच आत शिरलं. चुकलेली रचना दगड ओतून दुरुस्त होत नाही.
अलीकडचं उदाहरण हिशेबातल्या चुकीचं आहे. ८ सप्टेंबर २०१९ ला अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर 'गोल्डन रे' हे मोटारवाहू जहाज बंदरातून निघताना वळणावर आडवं झालं. चौकशीत निघालं की स्थैर्य मोजणाऱ्या संगणकात बॅलास्टचे आकडे चुकीचे भरले होते. यंत्राने जहाज सुरक्षित दाखवलं, टाक्यांत मात्र तेवढं पाणी नव्हतं. म्हणून साउंडिंग, म्हणजे टाकीतल्या पाण्याची खोली, पट्टी टाकून हाताने मोजायची आणि मगच आकडा भरायचा. गेज काय दाखवतो त्यावर विसंबू नये.

रूळवाट
रुळांखालच्या बॅलास्टला आमच्यात सरळ खडी म्हणतात. कागदावर 'बॅलास्ट' असतं, तोंडात खडीच.
तिची कामं अशी : स्लीपरवरचा, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांवरचा, भार पसरवून खालच्या भरावापर्यंत हलका पोचवणं, पाणी झरझर जाऊ देणं, रूळ वर-खाली करून पुन्हा पातळीत आणायची सोय ठेवणं आणि रुळांना बाजूला सरकू न देणं. शेवटचं काम लोकांच्या लक्षात येत नाही, पण उन्हाळ्यात सगळा जीव त्यात असतो.
आकडा पाहा. पोलाद एका अंशाला लांबीच्या दशलक्षात साधारण ११.५ भाग वाढतं. वेल्डिंगने सांधे जोडलेल्या लांब रुळाला वाढायला जागाच नसते. त्यामुळे दर अंशाला दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २.४ न्यूटन दाब साचतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद साधारण ७६८० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला जवळपास १८.५ किलोन्यूटन. बसवतानाच्या तापमानापेक्षा ३० अंश वर गेलं की एकेका रुळात ५५ टनांहून जास्त जोर कोंडलेला असतो. त्याला धरून ठेवते ती स्लीपरच्या मधली आणि टोकाबाहेरची खडी. टोकाबाहेरच्या भागाला 'खांदा' म्हणतात, तो साधारण ३०० ते ५०० मिमी रुंद ठेवतात आणि वळणावर बाहेरच्या बाजूला जास्त देतात. खांद्याची खडी घसरली, कोणी उपसली, तर भर दुपारी रूळ सापासारखा वळतो.
स्लीपरखाली थर २५० ते ३५० मिमी. दगड २० ते ६५ मिमी, कडक : ग्रॅनाइट, बेसॉल्ट, क्वार्ट्झाइट.

कोरा_कागद
नदीचे गोटेही कडकच असतात की. ते का नाही चालत?

रूळवाट
गोटा गोट्यावर घरंगळतो. फोडलेल्या दगडाला धारदार कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात. दोन मूठभर नमुने घेऊन फरशीवर ढीग करा. गोट्यांचा ढीग पसरतो, खडीचा उभा राहतो. चपटे आणि लांबुडके दगडही नाकारतात, कारण भाराखाली ते मधोमध मोडतात.
खडी खराब होण्याबद्दल. गाड्यांनी दगड झिजतो, वरून कोळशाची भुकटी आणि धूळ पडते, खालून ओली माती वर येते. खाचा भरल्या की पाणी साचतं. मग गाडी गेली की स्लीपर पंपासारखा वर-खाली होतो आणि चिखल उसळतो. कोरडं झाल्यावर स्लीपरच्या भोवती पांढरट डाग दिसतात, तो रोगाचा पहिला पुरावा. तिथे वरून नवी खडी ओतणं हा सगळ्यात सामान्य आणि निरुपयोगी उपाय आहे. चार दिवस छान दिसतं, आतला चिखल तसाच राहतो. सगळी खडी उपसून चाळावी लागते, बारीक माल बाहेर टाकून चांगला दगड परत भरावा लागतो. खाली चिकणमाती असेल तर मधे वाळूचा किंवा जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचा) थर द्यावा लागतो, नाही तर पुन्हा तेच.
एक गोष्ट आवर्जून : टॅम्पिंग यंत्र दाते खुपसून साधारण ३५ हर्ट्झने कंप देत स्लीपरखाली खडी दाबतं. त्याने पातळी सुधारते, पण खडीची घट्ट बसलेली वीण सुटते आणि बाजूचा विरोध बराच घटतो. म्हणून टॅम्पिंगनंतर वेगमर्यादा लावतात किंवा स्टॅबिलायझर, म्हणजे रूळ हलवून खडी पुन्हा घट्ट बसवणारं यंत्र, फिरवतात. ऐन उन्हात टॅम्पिंग करत नाहीत, कारण नेमका तेव्हाच विरोध सगळ्यात जास्त लागतो.

चोकस
आता चोक. ट्यूबलाइटच्या बॅलास्टला दुकानदारापासून वायरमनपर्यंत कोणीही बॅलास्ट म्हणत नाही. भाषांतरात 'चोक' लिहिलं तर प्रत्येकाला कळेल.
गरज का पडते? ट्यूबमधला वायू पेटला की उलटा वागतो : प्रवाह वाढला की त्याचा विरोध कमी होतो, मग प्रवाह आणखी वाढतो. अडवायला कोणी नसेल तर क्षणात फ्यूज जातो नाही तर ट्यूब. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, ट्यूबशी सिरीजमध्ये.
४ फुटी ३६ वॅट ट्यूबवर चालू असताना साधारण १०३ व्होल्ट असतात, प्रवाह ०.४३ अँपिअर. पुरवठा २३० चा. चोकवर मोजलं तर २०० च्या आसपास दिसतात. बेरीज २३० च्या वर जाते म्हणून मीटर बिघडला असं समजू नका. दोन्हींचे फेज वेगळे आहेत, म्हणजे दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखराला पोचत नाहीत, त्यामुळे सरळ बेरीज लागू होत नाही. चोकच्या जागी साधा रेझिस्टर घातला असता तर ५० वॅटहून जास्त उष्णतेत गेले असते. चोकमध्ये ९-१० जातात. बदल्यात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरोखर कामी आलेला हिस्सा) ०.५ पर्यंत घसरतो, तो सुधारायला कपॅसिटर जोडतात.
पेटवण्याचं कामही चोकच करतो. स्टार्टरमधली द्विधातूची पट्टी तापून चिकटते, टोकांच्या फिलामेंटमधून प्रवाह वाहून ती लाल होतात, पट्टी थंड होऊन सुटते आणि त्या तुटण्यासरशी चोक कित्येकशे व्होल्टचा झटका देतो. झटका चुकीच्या क्षणी आला तर ट्यूब पेटत नाही, स्टार्टर पुन्हा प्रयत्न करतो. दोन-तीनदा लुकलुकणं म्हणजे हेच.
दोष शोधताना आधी मेन बंद. मग असं बघा :
दोन्ही टोकं सतत लाल, मधे अंधार : स्टार्टर चिकटलेला. तो फिरवून काढल्यावर ट्यूब पेटली तर खात्री झाली.
लुकलुक थांबत नाही : आधी स्टार्टर बदला, मग ट्यूब. टोकं काळी पडली असतील तर ट्यूबचंच आयुष्य संपलं.
काहीच होत नाही : ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या पिनांमध्ये सलगता बघा, मग होल्डर, मग चोक. चांगल्या चोकचा विरोध काही दहा ओहम असतो, तुटलेल्याचा अनंत.
नवी ट्यूब लावली आणि थोड्याच वेळात टोकं जळाली : इथे थांबा. चोकच्या आतले वेढे शॉर्ट झालेत, प्रवाह जास्त जातोय. दुसरी नवी ट्यूब लावू नका, तीही जाईल. हा दोष ओहम मोजून नीट कळत नाही. ठीक चालणारा तसाच चोक लावून पाहा किंवा चालू प्रवाह मोजा.
घुंईऽऽ असा आवाज : पत्रे सैल. स्क्रू आवळून थांबला तर ठीक, तापून वास येत असेल तर चोक बदला.

शब्दवेधी
@चोकस, आणि इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट? त्यालाही चोकच?

चोकस
हो, 'इलेक्ट्रॉनिक चोक' हाच रुळलेला शब्द. तो पुरवठा २० किलोहर्ट्झच्या वर नेतो, त्यामुळे सेकंदाला १०० वेळा होणारी थरथर दिसत नाही आणि तेवढ्याच विजेत उजेड थोडा जास्त मिळतो. त्यातला कमकुवत दुवा म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बंद पट्टीत उष्णता कोंडली की तो फुगतो.
एलईडी ट्यूब लावणाऱ्यांनी नीट वाचा. जुना लोखंडी चोक असेल तर बहुतेक एलईडी ट्यूबसोबत येणारा बदली स्टार्टर लावून काम होतं. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर ट्यूबवर 'चालते' असं स्पष्ट लिहिलेलं नसताना तो वायरिंगमधून काढून टाका. आणि ट्यूबला वीज एकाच टोकाला हवी की दोन्ही टोकांना, ते ट्यूबवरच्या आकृतीत बघा. एका टोकाला वीज घेणारी ट्यूब उलटी लावली किंवा वायरिंग तिच्याप्रमाणे बदललं नाही तर शॉर्ट होऊ शकतो.

वाराझुळूक
तीन क्षेत्रं झाली आणि तिन्हींत 'स्थैर्य' हे समान सूत्र दिसतंय. पण तेवढ्यावर 'स्थैर्यभार' हा शब्द सगळीकडे लावला तर हवेतलं बॅलास्ट त्यात बसत नाही.
वायूच्या फुग्यात वाळूच्या पिशव्या स्थिरतेसाठी नेत नाहीत, फेकण्यासाठी नेतात. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. संध्याकाळी वायू थंड होऊन आकसतो, फुगा खाली यायला लागतो, तेव्हा वाळू सोडून तो सावरायचा. वर जास्त गेला तर वायू सोडायचा. म्हणजे प्रत्येक चुकीची किंमत वाळूत किंवा वायूत मोजावी लागते, आणि वाळू संपली की प्रवास संपला. ७ जानेवारी १७८५ ला ब्लँशार आणि जेफ्रीझ यांनी फुग्यातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा बॅलास्ट संपल्यावर अंगावरचे कपडेसुद्धा फेकावे लागले होते. वाळू बारीक आणि कोरडीच हवी. ओली वाळू ढेकूळ होऊन पडते, तिने खालच्या माणसाचा जीव जाईल.
ग्लायडरमध्ये तर उलटं. पंखांत पाणी भरतात ते वेगासाठी. वजन वाढलं तरी तरंगत जाण्याचं गुणोत्तर, म्हणजे एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातं ते, तेच राहतं, फक्त ते जास्त वेगाला मिळतं. वेग वजनाच्या वर्गमूळाने वाढतो : वजन २० टक्के वाढवलं तर वेग साधारण ९.५ टक्के. तोटा असा की हवेच्या उबदार झोतात वर चढणं मंदावतं, म्हणून झोत कमजोर झाले की पाणी सोडून द्यायचं, आणि उतरण्याआधी तर सोडायचंच. एका पंखाची झडप अडकली तर विमान एका बाजूला जड होतं. त्यामुळे उड्डाणाआधी दोन्ही झडपा उघडून धार सारखी पडते का ते पाहणं सक्तीचं मानावं.

तांडेल
हा मुद्दा पटला. 'फेकण्यासाठी नेलेलं वजन' पाण्याखालीही आहे. २३ जानेवारी १९६० ला त्रिएस्ते या पाणयानातून झाक पिकार आणि डॉन वॉल्श मारियाना गर्तेच्या तळाशी गेले. वर मोठ्या टाकीत पाण्यापेक्षा हलकं पेट्रोल होतं आणि खालच्या पिंपांत कित्येक टन लोखंडी छर्रे. पिंपांचं तोंड विद्युतचुंबकाने धरलेलं. वीज गेली की चुंबक सुटतो, छर्रे आपोआप गळतात आणि यान वर येतं. म्हणजे बिघाड झाला तर तो माणसांच्या बाजूने होईल अशी रचना. बॅलास्टचा इतका सुंदर उपयोग दुसरा नाही.

मातीनाळ
ट्रॅक्टरवालेही बॅलास्टच म्हणतात, पण इथे हेतू पकड. चाक घसरलं की डिझेल फुकट जातं, अजिबात घसरत नसेल तर वजन जास्त झालंय आणि माती दाबली जातेय. ८ ते १५ टक्के घसरण योग्य.
मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करा. अवजार जमिनीत घालून बरोबर १० फेरे होईपर्यंत चालवा, सुरुवात आणि शेवट खुंटीने दाखवा. मग अवजार उचलून तेवढंच अंतर पुन्हा चाला आणि फेरे मोजा. ८.५ भरले तर घसरण १५ टक्के, ९ भरले तर १०. पूर्ण १० भरले तर वजन काढा.
टायरमध्ये पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या १२ च्या जागी आणा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत येईल तेवढंच घ्या, साधारण ७५ टक्के. वरची हवा उशीचं काम करते. पूर्ण भरलं तर टायर दगड होतो आणि प्रत्येक धक्का अॅक्सलला जातो. थंड मुलखात गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, पण ते रिमला गंज लावतं. गळती दिसली की त्याच दिवशी धुवून काढा.

शब्दवेधी
बराच उलगडा झाला. म्हणजे रेल्वेला 'खडी', दिव्याला 'चोक', आणि जहाज, फुगा, ट्रॅक्टर यांना 'बॅलास्ट' तसंच ठेवून पहिल्या उल्लेखात एका वाक्यात काम सांगायचं. 'स्थैर्यभार' फक्त जिथे खरोखर स्थैर्य आहे तिथे. 'काउंटरवेट'ही यात मिसळतं का?

रूळवाट
नाही, ते वेगळं ठेवा. टॉवर क्रेनमध्ये दोन्ही असतात. मागच्या आडव्या बाहूवरचे ठोकळे उचललेल्या मालाला तोलतात, ते काउंटरवेट. पायाशी रचलेले ठोकळे अख्खा मनोरा वाऱ्यात धरून ठेवतात, ते बॅलास्ट. एक तोलतं, दुसरं रोवतं.

तांडेल
जहाजाच्या 'बॅलास्ट पाण्या'ला मात्र मराठीतही तेच म्हणा, कारण त्यावर आता आंतरराष्ट्रीय करार आहे. एका बंदरात घेतलेलं पाणी दुसऱ्या बंदरात सोडलं की त्यातले जीवही सुटतात. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपले असेच आले आणि पाण्याच्या नळांत थर धरून बसले. २००४ चा करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. जुनी पद्धत म्हणजे किनाऱ्यापासून शक्यतो २०० सागरी मैल दूर, किमान २०० मीटर खोल पाण्यात टाकीचं पाणी बदलणं. टाकी रिकामी न करता वरून वाहू द्यायचं असेल तर आकारमानाच्या तिप्पट पाणी पंप करावं लागतं. नवी पद्धत गाळणी आणि अतिनील किरण किंवा क्लोरीनची. सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असले पाहिजेत.
बदलताना हवेचे नळ मोकळे आहेत का ते आधी पाहा. नळ बंद असताना पंपाने पाणी खेचलं तर टाकीचे पत्रे आत चेपतात, आणि भरत राहिलं तर बाहेर फुगतात.

चोकस
एक राहिलं, 'बॅलास्ट रेझिस्टर'. जुन्या पॉइंटवाल्या (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क असलेल्या) पेट्रोल गाड्यांत इग्निशन कॉइलच्या आधी साधारण दीड ओहमचा चिनीमातीचा ठोकळा असतो, तो. स्टार्टर मोटर फिरताना बॅटरीचे व्होल्ट पडतात, म्हणून त्या वेळी हा टाळून कॉइलला थेट वीज मिळते. चावी सोडली की प्रवाह ठोकळ्यातून जातो. लक्षण अगदी ठरलेलं : चावी फिरवलेली असेपर्यंत इंजिन चालतं, सोडली की त्याच क्षणी बंद. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडण्याआधी ठोकळ्याची दोन टोकं मोजा. विरोध अनंत आला तर ठोकळा तुटलाय. तारेने जोडून थोडं अंतर गाडी नेता येईल, पण तसंच चालवत राहिलात तर कॉइल तापेल आणि पॉइंट जळतील.